शनिवारी बंद पडणारा हीटर

आमच्या झोपायच्या खोलीत रेडिएटर नव्हता. पुढच्या खोलीत भिंतीत बसवलेली गॅसची शेगडी होती, ती चांगली चालायची. पण मागची खोली उत्तरेकडची, एक भिंत पूर्ण बाहेरची, त्यात खिडकी, आणि गरम करायला काही नाही. लंडनमध्ये एजवेअरला हा तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही दोघं हिंडतेफिरते होतो. दोन रजया घेतल्या की झालं. पुढं सत्तरी उलटली आणि बायकोच्या बोटांची पेरं सुजायला लागली. रात्री ती लोकरीचे हातमोजे घालून झोपायची, सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसायची आणि बोटं उघडायची वाट बघायची.

मुलगी लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला राहते. मोठ्या ऑफिसात आहे, आठवडाभर वेळ नसतो, म्हणून शनिवारी यायची. मराठी बोलते, पण इथंच जन्मलेली, त्यामुळं जशी येते तशी बोलते. त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला ती आली, मागच्या खोलीत गेली आणि कोट न काढताच बाहेर आली.

"बाबा, हा खोली बघा किती थंड आहे! आईचा बोटं बघा!"

"हिवाळा आहे," मी म्हणालो.

"हिवाळा बाहेर असतो, बाबा. बेडरूममध्ये नाही." मग आईकडं बघून म्हणाली, "आमच्याकडं बॉक्स-रूम, तो छोटा खोली, रिकामा आहे. रेडिएटर आहे. ह्या विंटरला हा खोली गरम नाही झाला, तर तुम्ही दोघं क्रॉयडनला. नो डिस्कशन."

आमच्याकडं एक पंख्याचा छोटा हीटर होता, तोही ती जाताना उचलून घेऊन गेली. म्हणाली, डेंजरस आहे. होताच तो डेंजरस, पण माझा होता.

मला क्रॉयडनला जायचं नव्हतं. एजवेअरला आमच्या लोकांची प्रार्थनेची जागा चालत जाण्यासारखी आहे. मी कुणाच्या घरात आजवर राहिलो नाही, वयाच्या पंधराव्या वर्षी अलिबागकडचं गाव सोडलं तेव्हापासून माझ्या दाराची किल्ली माझ्या खिशात आहे. रात्री भांडी पुसताना बायको म्हणाली, "तिथं माझे दिवे कुठं ठेवू? तिच्या घरी प्रत्येक खोलीच्या छतात धूर लागला की वाजणारा भोंगा आहे."

शुक्रवारी ती काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात असा दिवा लावते. तिची आई लावायची, तिच्या आईची आई लावायची. भोंग्याखाली तो लावता येणार नव्हता. तेव्हा खोली गरम करणं भाग होतं.

हीटर मिळाला तो मेथीमुळं. भाजीच्या दुकानात बायको मेथीची जुडी उलटीपालटी करत होती आणि माझ्यावर करवादत होती की ही मेथी आहे का गवत आहे. शेजारी एक तरुण मुलगा कोथिंबीर घेत होता. तो वळला.

"आजी, तुम्ही मराठी?"

"नाही, जपानी," बायको म्हणाली.

मुलगा हसला. पुण्याचा होता, सॉफ्टवेअरमध्ये. लंडनबाहेर मेडनहेडला घर घेतलं होतं. आम्ही ज्यू आहोत हे कळल्यावर तो बघतच राहिला. "ज्यू? आणि घरी मराठी?"

"कितीतरी पिढ्या मराठीच बोलतोय," बायको म्हणाली, "तुला आज ऐकू आलं."

मग बोलता बोलता त्यानं सांगितलं की त्याच्या घरात आधीच्या मालकानं सगळीकडं विजेचे स्कर्टिंग हीटर लावलेले होते. म्हणजे भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत बसते ती पत्र्याची लांबट पेटी. आता तो गॅसचं सेंट्रल हीटिंग करून घेत होता आणि ते हीटर टाकून द्यायला निघाला होता. मी म्हणालो, टाकू नका, दोन मला द्या.

"काका, जुने आहेत हो. वापरलेले. नवीन घ्या ना."

"मी पण वापरलेलाच आहे," मी म्हणालो.

रविवारी तो गाडीतून दोन हीटर घेऊन आला. अगदी सारखे, जोडीचे. बायकोनं त्याला माशाचं कालवण आणि भात वाढला. नारळाच्या दुधातलं कालवण खाल्ल्यावर तो म्हणाला, आजी, तुम्ही नक्की आमच्याच. ती खूष झाली.

आता वापरलेला हीटर असा आणला आणि ठोकला भिंतीला, असं करत नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण मुंबईला गोदीच्या वर्कशॉपात वायरमन होतो आणि इथं येऊन कारखान्यात मोटारींची वाइंडिंग केली ती रिटायर होईपर्यंत. वीज मला कुणी शिकवू नये. मी दोन्ही हीटर मागच्या अंगणात फळीवर ठेवले आणि उघडले. आत आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस, धूळ, एक खेळण्यातला घोडा. हीटरमध्ये पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात, त्यांतून हवा वर चढते. त्या पाकळ्यांत धूळ राहिली की ती जळते, वास येतो, आणि जास्त झाली की पेटते. मी बायकोचा जुना टूथब्रश घेतला आणि एकेक पाकळी साफ केली. व्हॅक्यूमची नळी लावली. वायरी चाचपल्या. एकाची वायर उन्हातल्या पापडासारखी कडक झाली होती, ती काढून उष्णता सोसणारी नवी घातली. अर्थिंगचा स्क्रू गंजला होता, तो बदलला. पाट्यांवरचं व्होल्टेज बघितलं. मग अंगणातच एक एक करून दुपारभर चालू ठेवले, वास जाईपर्यंत.

बायको खिडकीतून बघत होती. "मला बघायला आलात तेव्हा एवढं बघितलं नव्हतंत."

"तेव्हा अर्थिंग तपासायची रीत नव्हती," मी म्हणालो.

खोलीत आधी कुणाचा तरी भिंतीवरचा हीटर असणार, कारण त्यासाठीची वेगळी लाइन आणि फ्यूजवाला स्विच तिथं होताच. एक्स्टेन्शन बोर्डावर असला हीटर कधी लावू नये, बोर्ड वितळतो. मी त्या स्विचवरच घेतला. खिडकीचा पडदा जमिनीपर्यंत होता, तो बायकोला कापायला लावला. तिनं कुरकुर केली, पण कापला. पलंग भिंतीपासून दूर ओढला. हीटरच्या वर, खाली, पुढं काही टेकता कामा नये. हे मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, कळलं हो, मी काय लहान आहे?

एक हीटर बसवला, दुसरा पॅसेजमध्ये उभा करून ठेवला, असू दे म्हणून.

आत एक गोष्ट होती ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ह्या हीटरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची एक बारीक नळी जाते. तिला कटआउट म्हणतात. लांबीत कुठंही, वीतभर जागेतसुद्धा, गरम हवा कोंडली की ती नळी ओळखते आणि सगळा हीटर बंद करते. मग आपण भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हीटर निवू द्यायचा आणि परत लावायचा. आपणहून तो परत सुरू होत नाही. त्या मॉडेलचं तसंच होतं.

हीटर झकास चालला. पहिल्याच रात्री बायकोनं हातमोजे काढून उशाशी ठेवले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते कपाटात गेले. सकाळी उठून तिनं स्वतः कणीक मळली. मी मुलीला फोन करून सांगितलं की खोली गरम आहे. "शनिवारी येऊन बघते," ती म्हणाली. तिच्या ऑफिसात तसंच चालत असेल, आधी बघायचं, मग मानायचं.

शुक्रवारी दिवे लावले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; तेव्हा घरात स्विचला हात लावत नाहीत. जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद. आमच्या गावी हा प्रश्न नव्हता, तिथं वीजच नव्हती. इथं आल्यावर बायकोनं हे धरलं आणि मी तिच्याबरोबर धरलं. पण माझे हात आयुष्यभर स्विचवरच चाललेले. खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप दिव्याकडं जातो. एकदा शब्बाथला मी असाच पॅसेजचा दिवा घालवला, आणि एकदा स्वयंपाकघरातला. तिनं भांडण केलं नाही. तिनं टोप्या शिवल्या. प्रत्येक स्विचला कापडाची एक टोपी, आत इलॅस्टिक. दिव्यांच्या बटणांना, किटलीच्या बटणाला, फ्रीजच्या आतल्या बटणालासुद्धा. दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी ती टोप्यांचं बोचकं घेऊन घरभर फिरते आणि शनिवारी संध्याकाळी त्या काढून परत बांधून ठेवते. हीटर आला तेव्हा तिनं त्याच्या उष्णता कमीजास्त करायच्या बटणालाही एक शिवली, माझ्या जुन्या फ्लॅनेलच्या पायजम्याची. इतकी वर्षं त्या टोप्या बघतोय की मला त्या भिंतीच्या रंगासारख्या झाल्या आहेत.

त्या शुक्रवारी मी प्रार्थनेहून आलो, काळ्या मनुकांच्या सरबतावर शब्बाथचा आशीर्वाद म्हटला, जेवलो, झोपलो. खोली ऊबदार होती. सकाळी उठलो तर नाक गार. हीटरवरचा लाल दिवा गेलेला. बायको पलंगावर कोट घालून बसली होती.

"बंद पडला वाटतं," ती म्हणाली.

"स्विच बंद करून लावला की होईल."

"होईल. संध्याकाळी."

"तुझी बोटं बघ."

"जीव जात नाहीये माझा. जायला लागला की सांगते, मग लावा."

अकराच्या सुमाराला मुलगी आली. खोलीत गेली, बाहेर आली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मी सांगितलं की आठवडाभर छान चालला, आजच बंद पडला. ती म्हणाली, "बाबा, मी आजच येते."

संध्याकाळी चांदण्या दिसल्या, बायकोनं टोप्या काढल्या, मी स्विच बंद करून लावला. हीटर लगेच सुरू. रविवार, सोमवार, पुढचा सगळा आठवडा तक्रार नाही. शनिवारी सकाळी परत खोली थंड.

"हीटरसुद्धा शब्बाथ पाळतो," बायको म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरा."

मी रविवारी पॅसेजमधला दुसरा हीटर लावला. आठवडाभर चालला. शनिवारी तोही बंद. आता दोन हीटर एकाच वारी आजारी पडत नाहीत, एवढं मला कळत होतं. मी बसून विचार केला आणि माझ्या डोक्यात आलं की शुक्रवारी संध्याकाळी लंडनमधली सगळी ऑफिसं बंद होतात. एवढी वीज कुठं जाणार? व्होल्टेज चढत असणार. आमचे कटआउट जुने, नाजूक झालेले, त्यांना ते चढलेलं व्होल्टेज सोसत नसणार. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ऑफिसं रोज संध्याकाळी बंद होतात." पण मी माझं म्हणणं सोडलं नाही.

मेडनहेडच्या मुलाला फोन केला. तो बिचारा ओशाळला. "काका, सॉरी हो, टाकून द्या ते. मी तुम्हाला नवा आणून देतो." मी म्हणालो, तुमच्या हीटरला काही झालेलं नाही, तुम्ही काळजी करू नका. आणि मला कुणी काही आणून द्यायची गरज नाही.

आठवड्याच्या मधल्या एका वारी मुलीनं इलेक्ट्रिशियन पाठवला, मला न विचारता. अंगानं मोठा, वयानं पन्नाशीचा इंग्रज माणूस. दारात बूट काढले, तेव्हा मी त्याला आत घेतलं. त्यानं मीटर लावून सगळं तपासलं, पुढचं पत्र्याचं झाकण काढून आत टॉर्च मारला.

"वायरिंग कुणी केलं?"

"मी."

"छान केलंय," तो म्हणाला. मला त्याच्या शिफारशीची गरज नव्हती, पण चांगला माणूस होता, बायकोनं त्याला चहा दिला. मी त्याला व्होल्टेजचं सांगितलं. त्यानं हसू आवरलं, ते मला दिसलं. मग म्हणाला, "मिस्टर, कटआउट उगाच पडत नाही. ह्यावर काही झाकलं जातं का? पडदा? रजई? वाळत घातलेले कपडे?"

मी म्हणालो, "नथिंग." बायको म्हणाली, "नथिंग, नथिंग." आम्ही दोघं खरंच बोलत होतो. तो बघत होता तेव्हाही हीटरवर काही नव्हतं.

"मग मला कारण सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण एक करू नका. कटआउट बायपास करू नका. खोलीत कोणी बघायला नसताना तेवढाच एक बघतो."

तो गेल्यावर मुलीचा फोन. "बाबा, तो म्हणाला फॉल्ट सापडला नाही. म्हणजे अनसेफ. अजून एकच शनिवार. मी येते, आणि खोली थंड असला तर आईचा बॅग मीच भरते."

बायको जवळच उभी होती, तिला ऐकू गेलं. त्या दिवशी तिनं दिव्यांचे काचेचे पेले काढले, धुतले, पुसले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बघितले, किती जागा लागते ते. मग परत उलगडून फळीवर ठेवले.

तेव्हा मी ठरवलं की डायरेक्ट करायचं.

हे आपल्याकडचं काम आहे. ज्यानं मुंबईत इस्त्री, फ्रीज, पाण्याचा पंप दुरुस्त करून घेतला आहे त्याला ठाऊक आहे. मेकॅनिक येतो, उघडतो, म्हणतो थर्मोस्टॅट गेलाय, डायरेक्ट करून दिलाय, चालेल. मधला जो शहाणा तुकडा सारखा बंद पाडतो त्याला वगळून वायरीला वायर जोडायची. मीही शेकड्यांनी केलीत अशी कामं. इस्त्री समोर असते, माणूस हातात धरून असतो, तिथं खपून जातं. त्या इंग्रज माणसानं सांगितलेलं मी विसरलो नव्हतो. पण तो तीन खोल्यांचा फ्लॅट सोडून बॉक्स-रूममध्ये जाणार नव्हता, जाणार होतो आम्ही.

शुक्रवारी दुपारी बायको स्वयंपाकघरात होती. मी भिंतीवरचा स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला, गुडघ्याखाली उशी घेऊन जमिनीवर उतरलो आणि तसाच आडवा झालो, कारण माझ्या वयाला वाकून बसण्यापेक्षा झोपून काम सोपं जातं. हीटरच्या डाव्या टोकाचं झाकण काढलं. कटआउटच्या दोन्ही वायरी सैल केल्या. जोडायचा वायरीचा तुकडा सोलून दातात धरला होता. डिसेंबरातला दिवस, तीन वाजले की उजेड जायला लागतो.

बायको बोचकं घेऊन आली. "आटपा आता. मला टोप्या घालायच्यात."

तोंडात वायर होती, मी हातानंच खूण केली की घाल, मला वेळ आहे.

तिनं दिव्याच्या बटणाला घातली, दाराजवळच्या बटणाला घातली. मग हीटरच्या उजव्या टोकाशी, जिथं बटण असतं, तिथं कण्हत खाली बसली. तिनं ती फ्लॅनेलची टोपी काढली. आता हीटरचं बटण चपटं, पत्र्याच्या आत बसलेलं, त्याच्यावर टोपी राहणार कशी? तिनं ती टोपी लोडाच्या अभ्र्यासारखी शिवली होती. हीटरच्या टोकावरून ओढून घेतली आणि घसरू नये म्हणून खालची बाजू पत्र्याखाली खोचली, गादीखाली चादर खोचतात तशी. उभं राहून वरून बघितलं तर बटणावर एक टोपी दिसायची, बस. मी जमिनीवर गाल टेकून पडलो होतो. मला खालून दिसलं की हवा आत घ्यायची फट टोपीनं चांगली वीतभर बंद केली आहे. वरची, गरम हवा बाहेर सोडायचीही.

मी तोंडातली वायर काढली. "काढ ती."

"का?"

"काढ म्हणतो ना."

"आता घातली, आता काढ. एक काय ते ठरवा."

मी पालथा सरकत तिच्यापर्यंत गेलो, टोपी ओढून काढली आणि उलटी केली. आतून ती तपकिरी झाली होती. मधोमध तर भाजलेल्या पोळीला पडतात तसे डाग, आणि तिथलं फ्लॅनेल बोटानं चोळलं की भुगा होत होता.

"हळद सांडली असेल," ती म्हणाली.

"पायजम्याला? आतून?"

तिनं टोपी हातात घेतली, नाकाशी नेली आणि हुंगली. तिलाही वास कळला. आम्ही दोघं जमिनीवर, मध्ये तो उघडा हीटर, आणि सुटी पडलेली कटआउटची वायर.

"म्हणजे दर शुक्रवारी मीच बंद पाडत होते?"

"तू नाही. कटआउटनं बंद पाडला. म्हणून टोपी नुसती भाजली." मग मी म्हणालो, "आणि टोपी तू कुणासाठी शिवलीस? माझ्या हातासाठीच ना?"

ह्यापुढं मी काही कबूल केलं नाही आणि तिनंही मागितलं नाही. सोललेला तुकडा मी स्क्रूंच्या डब्यात टाकला, कटआउटच्या वायरी होत्या तशा आवळल्या, ओढून बघितल्या, झाकण लावलं, फ्यूज बसवला, स्विच लावला. लाल दिवा आला. ह्या सगळ्यात शोध मीच लावला, हे मात्र मी सांगून ठेवतो. इंग्रज माणसानं विचारलं खरं, पण सापडलं मला.

ती पलंगाला धरून उठली. "बटणाला टोपी नाही, मग काय करायचं?"

"काय करायचं? काही नाही."

"तुमचा हात जाईल."

"नाही जाणार."

"शब्द द्या."

"आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली, कधी शब्द मागितला नाहीस."

"म्हणून तर टोप्या शिवल्या," ती म्हणाली.

मी शब्द दिला. ती दिवे लावायला गेली आणि मी प्रार्थनेला. घाईत एक गोष्ट राहून गेली, ती माझ्या लक्षात आली रस्त्यात, अर्ध्या वाटेवर. काम करण्याआधी मी तपासणीसाठी बटण शेवटपर्यंत, सगळ्यात जास्त उष्णतेवर, फिरवलं होतं. ते तिथंच राहिलं होतं. घरी आलो तोवर दिवे लागलेले, शब्बाथ बसलेला.

रात्री रजया पायाशी गेल्या. सकाळी खोली अशी तापली होती की खिडकीच्या काचेवरचं पाणी वाळून गेलं होतं. बायको साधी साडी नेसून पलंगावर बसली होती, स्वेटर नाही, मोजे नाहीत, आणि सावकाश, मजेत, स्वतःच्या केसांची वेणी घालत होती. मी बनियनवर खुर्चीत बसलो होतो. बटण माझ्या पायापासून हातभर अंतरावर होतं. थोडं डावीकडं फिरवलं की झालं असतं.

मुलगी आली. बाहेरच्या दारातूनच तिचा आवाज कडक होता. मागच्या खोलीच्या दारात आली आणि थांबली.

"ओ माय गॉड. हे काय, बेकरी आहे का?" तिनं कोट काढला, मग स्वेटर काढला. आईजवळ बसून तिची बोटं हातात घेतली, दाबून बघितली, एकेक पेर. मग माझ्याकडं वळली. "बाबा, कमी करा ना. घाम येतोय तुम्हाला."

"शब्बाथ आहे," मी म्हणालो.

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. "हे बाबा बोलले?"

"बोलले," आई म्हणाली.

"आणि हीटर का चालला? काय झालं होतं?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या बाबांना सापडलं," ती म्हणाली. "जेवताना सांगतील."

मुलीनं खिडकी थोडी उघडली. गाडी चालवून दमली होती, आईशी बोलता बोलता पलंगावर आडवी झाली, आणि बघता बघता झोपली, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून. क्रॉयडनचं नाव तिनं काढलं नाही. आईची बॅग भरायला आलेली मुलगी आईच्या उशीवर घोरत होती.

मी खुर्चीतच होतो. उजवा हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. घाम कानामागून मानेवर उतरत होता.

"हात काढा हो मांडीखालून," बायको हळू आवाजात म्हणाली, लेक उठू नये म्हणून. "मुंग्या येतील."

"राहू दे," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत तिथंच बरा आहे."